सर्टिफिकेट काढून टाकायचंय? मग आधी सर्व्हर रीबूट करू नका

प्रश्न थोडक्यात असा: उबुंटूचा एक व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर आणि त्याखाली तीन साइट्स. तिन्हींची एचटीटीपीएस सर्टिफिकेट्स लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची, सर्टबॉट या प्रोग्रामने मिळवलेली. त्यातला एक क्लायंट दुसऱ्या होस्टिंगवर गेला. त्याचं सर्टिफिकेट आता नको, म्हणून प्रश्नकर्त्याने लेट्सएन्क्रिप्टच्या लाइव्ह फोल्डरमधलं त्या साइटचं फोल्डर सरळ आरएम -आरएफ करून पुसून टाकलं. साइट्स चालू आहेत, पण सर्टबॉट रिन्यू चालवलं की एररच एरर. 'आता हे सर्टिफिकेट नीट रिव्होक (रद्द) करून मुळापासून कसं काढू?'

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे उत्तर वाचून होईपर्यंत सर्व्हर रीबूट करू नका, एनजिनएक्स रीस्टार्टही करू नका. सध्या साइट्स चालू दिसतात त्या निव्वळ मेमरीच्या भरवशावर. एनजिनएक्स सुरू होताना सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) एकदाच वाचून घेतं, पुढे डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे फाइल उडवली तरी त्या क्षणी काहीच बिघडत नाही. रीलोड केलंत, म्हणजे न थांबवता कॉन्फिग पुन्हा वाचायला लावली, तर ती तपासताना त्याला फाइल सापडणार नाही, ते कुरकुर करेल आणि जुन्या कॉन्फिगवरच चालत राहील. रीस्टार्ट केलंत तर मात्र ते उठणारच नाही. आणि बंद पडेल ते एका साइटपुरतं नाही, तिन्ही साइट्स झोपतील.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एका मशीनवर सहा साइट्स होत्या, त्यातली एक बंद झालेली. तिचं सर्टिफिकेट मी सर्टबॉटच्याच डिलीट आज्ञेने अगदी शिस्तीत काढलं, पण एनजिनएक्समधला तिचा सर्व्हर ब्लॉक (कॉन्फिगमधला त्या साइटचा भाग) काढायचा राहून गेला. कित्येक आठवडे कुणाला काही कळलं नाही. मग वसुबारसेच्या आदल्या रात्री होस्टिंगवाल्यांनी देखभालीसाठी मशीन रीबूट केलं. सकाळी सहाला एका मिठाईवाल्याचा फोन: 'अहो, साइट उघडत नाहीये, फराळाच्या ऑर्डरी बघू कुठे?' कारण शोधायला मला वीस मिनिटं लागली, कारण आदल्या दिवशी मी त्या सर्व्हरला हातही लावला नव्हता. चूक केली श्रावणात आणि फळ मिळालं दिवाळीला.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आत्ताच घडते आहे. सर्टबॉट जर एनजिनएक्स प्लगइनने रिन्यू करत असेल, तर ते काम सुरू करण्याआधी एनजिनएक्सची कॉन्फिग तपासतं. ती नापास झाली की प्लगइन हात वर करतं. म्हणजे तुमच्या उरलेल्या दोन साइट्सचं रिन्यूअलही अडकलेलं आहे. वेबरूट पद्धत (एनजिनएक्सच्या कॉन्फिगला न शिवता साइटच्या फोल्डरमध्ये पडताळणीची फाइल ठेवणारी) वापरत असाल तर नवं सर्टिफिकेट डिस्कवर येईल, पण रीलोड फसल्यामुळे एनजिनएक्स जुनंच दाखवत राहील आणि एक दिवस ब्राउझर 'मुदत संपली' म्हणेल. पूर्वी लेट्स एन्क्रिप्टकडून मुदत संपत आल्याची ईमेल यायची. ती सोय त्यांनी 4 जून 2025 पासून बंद केली आहे. तेव्हा कुणीतरी सांगेल या भरवशावर राहू नका.

आता कामाला लागू. आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाइप कराल हे गृहीत धरतो. साइटचं नाव 'जुनीसाइट डॉट इन' समजू.

पहिलं काम म्हणजे हे सर्टिफिकेट कोण कोण वापरतंय ते ग्रेप या शोधाच्या आज्ञेने बघणं.

सुडो ग्रेप -आर "लाइव्ह/जुनीसाइट" /इटीसी

एनजिनएक्सची साइट्स-अव्हेलेबलमधली फाइल तर सापडेलच, शिवाय लेट्सएन्क्रिप्टच्या रिन्यूअल फोल्डरमधलीही दिसेल, तिला तूर्तास हात लावू नका. खरी गंमत असते ती इतर ठिकाणी. त्याच मशीनवर मेल चालू असेल तर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हेच सर्टिफिकेट वापरत असू शकतात, कारण सेटअप करताना 'एक आहेच, तेच लावून टाकू' असं कुणीतरी केलेलं असतं. एचएप्रॉक्सी (साइट्सच्या पुढे बसून ट्रॅफिक वाटणारा प्रोग्राम) असेल तर सर्टिफिकेट आणि की एकत्र जोडून बनवलेली वेगळीच फाइल असते, ती या ग्रेपमध्ये येत नाही. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये हे फोल्डर माउंट केलेलं असेल तर तीही इटीसीत नसते, होम किंवा ऑप्टमध्ये कुठेतरी असते. तिथेही एकदा शोधा.

मग साइट्स-एनेबल्डमधली जुन्या साइटची लिंक काढा. मूळ फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये राहू दे, ती कुणाचं काही बिघडवत नाही. लिंक काढल्यावर सुडो एनजिनएक्स -टी चालवा. हा टी छोट्या लिपीतला. मोठा टी दिला तर तपासणीबरोबर सगळी कॉन्फिग एकत्र छापून मिळते, आणि जुन्या साइटचं नाव अजून कुठे लपलंय ते बघायला ती फार उपयोगी पडते. तपासणी पास झाली की रीलोड करा, रीस्टार्ट अजून नको. इथपर्यंत आलात की तुमच्या दोन साइट्स वाचल्या. आता सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन (म्हणजे नुसती रंगीत तालीम) चालवून बघा. त्या दोघींचं रिन्यूअल पार पडेल, जुन्या साइटची तक्रार तेवढी उरेल.

ती तक्रार का उरते, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. लाइव्ह फोल्डरमध्ये खऱ्या फाइल्स नसतातच. सर्ट.पेम, चेन.पेम, फुलचेन.पेम, प्रिव्हकी.पेम या चारही नुसत्या सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी आहेत. खऱ्या फाइल्स शेजारच्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये असतात, सर्ट1, सर्ट2, सर्ट3 अशा क्रमांकांनी, आणि दर रिन्यूअलला एक आकडा वाढतो. तिसरं रिन्यूअल फोल्डर, त्यात प्रत्येक साइटची एक कॉन्फ फाइल. ती असेपर्यंत सर्टबॉट त्या सर्टिफिकेटला आपलं समजतं आणि रोज दोनदा त्याची चौकशी करतं. तुम्ही आरएम केलंत ते दुकानावरची पाटी काढण्यासारखं झालं. माल आत आहे, दुकानाची नोंदही आहे. ज्या प्रायव्हेट कीची तुम्हाला काळजी वाटायला हवी, ती अजून आर्काइव्हमध्ये जशीच्या तशी पडलेली आहे.

त्यातली बरी बाजू अशी की हरवलं काहीच नाही. आणि सर्टबॉटची डिलीट आज्ञा अशा अर्धवट मोडलेल्या अवस्थेतही काम करते. एखादी फाइल सापडली नाही तर ती सोडून पुढे जाते.

सुडो सर्टबॉट डिलीट --सर्ट-नेम जुनीसाइट.इन

तिन्ही ठिकाणची साफसफाई ती करेल. पण थांबा, एंटर दाबण्याआधी रिव्होकचं ठरवू, कारण रिव्होक करायचं असेल तर आर्काइव्हमधल्या त्या फाइल्स लागतील.

रिव्होक आणि डिलीट हे एकच काम आहे असं बरेच जण धरून चालतात. डिलीट म्हणजे तुमच्या डिस्कवरून फाइल काढणं, जगाला त्याचा पत्ता लागत नाही. त्या कीची कॉपी कुणाकडे असेल तर त्याचं काही अडत नाही. रिव्होक म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला सांगणं की हा सीरियल नंबर आजपासून अमान्य. त्याने तुमच्या डिस्कवरची फाइल हलत नाही, आणि एनजिनएक्स ते रद्द झालेलं सर्टिफिकेट बिनदिक्कत दाखवत राहतं. शिवाय एकदा रिव्होक केलेलं परत चालू करता येत नाही. 'चुकून झालं' म्हणून फोन करायला तिथे कुणी नाही.

माझं मत विचाराल तर बंद झालेल्या साइटसाठी रिव्होकची गरज बहुतेक वेळा नसते. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं. रिन्यूअल थांबवलं की ते आपोआप मरतं. की तुमच्याच मशीनवर होती, कुणाच्या हाती लागली नाही, तर डिलीट करा आणि विसरा. काही जणांना वाटतं की रिव्होक केल्याने लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा मोकळी होते. तसं होत नाही. त्याच नावांचं सर्टिफिकेट 7 दिवसांत 5 वेळाच मिळतं, रिव्होक केलं तरी मोजणी तीच राहते.

तुमच्या प्रकरणात मात्र डोमेन आता दुसऱ्या होस्टवर आहे आणि त्याची वैध की तुमच्याकडे आहे. ही की तुमच्याकडे असण्याचं आता काही कारण उरलेलं नाही, त्यामुळे रिव्होक करणं रास्त आहे. कारण म्हणून 'सेसेशन ऑफ ऑपरेशन' द्यायचं. पण त्याआधी दोन मिनिटं खर्च करून एक गोष्ट तपासा, नाहीतर भलतंच होऊन बसेल. साइट हलवताना नव्या होस्टवाल्याने तुमचंच सर्टिफिकेट आणि की उचलून तिथे लावलेली असू शकते. मी हे एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. तेव्हा आधी आपल्याकडच्या फाइलचा सीरियल बघा:

सुडो ओपनएसएसएल एक्स509 -इन /इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/आर्काइव्ह/जुनीसाइट.इन/सर्ट3.पेम -नोआउट -सीरियल -डेट्स

आकडा अर्थात तुमच्याकडे जो सगळ्यात मोठा असेल तो. मग ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट जुनीसाइट.इन:443 -सर्व्हरनेम जुनीसाइट.इन चालवून ते आउटपुट त्याच एक्स509 आज्ञेत पाइप करा, म्हणजे आत्ता जगाला दिसणारा सीरियल मिळेल. दोन्ही सीरियल वेगळे असतील तर खुशाल रिव्होक करा. सारखे असतील तर आधी क्लायंटला फोन लावा, नवं सर्टिफिकेट घ्यायला सांगा, ते चढलं की मगच पुढे जा. नाहीतर त्यांच्या ग्राहकांना फायरफॉक्समध्ये 'हे सर्टिफिकेट रद्द केलेलं आहे' अशी पाटी दिसेल, तिला टाळून पुढे जाता येत नाही, आणि शिव्या तुम्हाला बसतील.

लाइव्ह फोल्डर उडालेलं असल्यामुळे तुम्हाला आर्काइव्हमधल्या फाइलचाच पत्ता द्यावा लागेल:

सुडो सर्टबॉट रिव्होक --सर्ट-पाथ /इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/आर्काइव्ह/जुनीसाइट.इन/सर्ट3.पेम --रीझन सेसेशनऑफऑपरेशन --नो-डिलीट-आफ्टर-रिव्होक

ते झालं की मग वरची डिलीट आज्ञा. शेवटचा तो लांबलचक पर्याय मी मुद्दाम घातलाय. एरवी रिव्होक झाल्यावर सर्टबॉट विचारतं की याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांसकट डिलीट करू का, आणि त्याचं ठरलेलं उत्तर 'हो' असतं. तुमच्या साइटसाठी ते चाललं असतं, पण की फुटल्याच्या प्रकरणात याच प्रश्नावर माणसं आपटतात.

त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रिव्होक ज्या कामासाठी बनलंय ते काम हेच. समजा कुणीतरी प्रिव्हकी.पेम गिटमध्ये कमिट करून सार्वजनिक रेपोत ढकललं. घाबरलेला माणूस पहिली आज्ञा देतो ती रिव्होकची, आणि साइट उघडी पडते. क्रम उलटा हवा. आधी नवं सर्टिफिकेट, नव्या कीसह. सर्टबॉट एरवी दर वेळी नवी कीच बनवतं, पण रिन्यूअल फोल्डरमधल्या कॉन्फ फाइलमध्ये कुणी रीयूज की चालू केलेली असेल तर तीच फुटलेली की परत वापरली जाईल. ती ओळ आधी बघा. मग --फोर्स-रिन्यूअल देऊन नवं घ्या, रीलोड करा, बाहेरून सीरियल बदलल्याची खात्री करा. आणि आता जुनं रिव्होक करा.

इथे खड्डा आहे. रिन्यू झाल्यावर लाइव्हमधली लिंक सर्ट4कडे वळलेली असते. या क्षणी --सर्ट-नेम देऊन रिव्होक म्हणालात तर रद्द होईल ते नुकतंच घेतलेलं नवं सर्टिफिकेट, आणि फुटलेलं जुनं मात्र ठणठणीत राहील. म्हणून इथे पत्ता आर्काइव्हमधल्या सर्ट3चाच द्यायचा, सोबत --की-पाथने प्रिव्हकी3, कारण 'कीकॉम्प्रोमाइझ', आणि डिलीटच्या प्रश्नाला नकार. त्या कीनेच सही करून विनंती पाठवली की लेट्स एन्क्रिप्ट ती की काळ्या यादीत टाकतं, पुढे तिच्यावर सर्टिफिकेट मिळत नाही. रेपोतून कमिट पुसणं वगैरे नंतर. सार्वजनिक झालेली की ती सार्वजनिकच.

आता एक कटू गोष्ट. एवढं करूनही रद्द झालेलं सर्टिफिकेट सगळीकडे लगेच नाकारलं जातं असं नाही. लिनक्सवरचं कर्ल एरवी रद्दयादी तपासतच नाही. क्रोम स्वतःची एक छोटी यादी बाळगतं, तिला सीआरएलसेट म्हणतात, आणि तिच्यात प्रामुख्याने मोठी प्रकरणं असतात. आपल्याकडचं एक उदाहरण 2014चं आहे. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेट्स निघाल्याचं जुलैमध्ये उघड झालं, तेव्हा भारताच्या सीसीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या सरकारी नियंत्रकाने) एनआयसीची इंटरमीडिएट, म्हणजे इतर सर्टिफिकेट्सवर सही करणारी सर्टिफिकेट्स रद्द केली आणि क्रोमने ती याच यादीतून अडवली. तुमच्या-माझ्या साइटसाठी तशी धावपळ कुणी करत नाही. फायरफॉक्स या बाबतीत आता बरंच चांगलं आहे, सीआरलाइट नावाच्या पद्धतीमुळे रद्दयादी ते संक्षिप्त रूपात जवळच ठेवतं.

रिव्होक झालं की नाही हे तपासायला जुन्या लेखांमध्ये ओसीएसपीची (सर्टिफिकेट रद्द आहे का ते ऑनलाइन विचारायच्या सोयीची) आज्ञा दिलेली सापडेल. लेट्स एन्क्रिप्टसाठी ती आता निरुपयोगी आहे. मे 2025पासून त्यांच्या सर्टिफिकेटमध्ये ओसीएसपीचा पत्ता येत नाही आणि 6 ऑगस्ट 2025ला त्यांनी ते सर्व्हरच बंद केले. एनजिनएक्स 'एसएसएल स्टेपलिंग दुर्लक्षित केलं' अशी सूचना देत असेल तर कारण हेच, ती ओळ कॉन्फिगमधून काढून टाका. आता तपासायचं ते सीआरएलमध्ये, म्हणजे संस्थेच्या रद्दयादीत: सर्टिफिकेटचा मजकूर छापा, त्यात सीआरएलचा पत्ता असतो, ती फाइल उतरवून ओपनएसएसएल सीआरएल -इनफॉर्म डीईआर -नोआउट -टेक्स्ट करा आणि आपला सीरियल ग्रेप करा. लगेच दिसला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा बघा. रिव्होकची ही अशी लंगडी अवस्था आहे म्हणूनच मुदतीच कमी करत आणल्या जाताहेत: 15 मार्च 2026पासून कुठलंही सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त 200 दिवसांचं, आणि 15 मार्च 2029पासून 47 दिवसांचं.

साइट काढल्यावर आणखी एक विचित्र प्रकार दिसतो, त्याने गोंधळू नका. जुन्या डोमेनचं एखादं सबडोमेन अजून तुमच्याच आयपीकडे वळलेलं असेल, तर ते उघडल्यावर ब्राउझर तुमच्या दुसऱ्याच क्लायंटचं सर्टिफिकेट दाखवेल. 443वर नाव जुळलं नाही की एनजिनएक्स पहिला किंवा डीफॉल्ट सर्व्हर ब्लॉक पुढे करतं. एक रिकामा डीफॉल्ट ब्लॉक बनवून त्यात एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन लिहा, एनजिनएक्स 1.19.4पासून ही सोय आहे. अनोळखी नावाला दारातूनच परत पाठवलं जातं. तुमचे इतर क्लायंट कोण हेही त्यामुळे असं उगाच उघड होत नाही.

ज्यांना साइट ठेवून फक्त एचटीटीपीएस काढायचंय, त्यांनी मुळात तसं करू नये. करायचंच असेल तर एचएसटीएसचा (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएस वापरायला सांगणारा) हेडर बघा. मॅक्स-एज 31536000 सेकंद असेल तर ज्यांनी साइट एकदा उघडलीय त्यांचे ब्राउझर पुढचं वर्षभर एचटीटीपीवर जाणारच नाहीत. आधी सर्टिफिकेट चालू असतानाच मॅक्स-एज शून्य करून काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. आणि एकाच सर्टिफिकेटमध्ये चार नावं आहेत, त्यातलं एक काढायचंय, एवढंच असेल तर रिव्होक-डिलीट काही नको. त्याच --सर्ट-नेमने उरलेली तीन नावं देऊन सर्टओन्ली चालवा.

सर्टबॉटऐवजी एसीएमई.एसएच हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, त्यातलं --रिमूव्ह फक्त रिन्यूअलच्या यादीतून नाव काढतं, फाइल्स डिस्कवरच राहतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. विकत घेतलेलं सर्टिफिकेट असेल तर रिव्होक विक्रेत्याच्या पोर्टलवरून.

फाइल्स पुसल्या तरी की तुमच्या बॅकअपमध्ये आणि व्हीपीएसच्या स्नॅपशॉटमध्ये आहेच. सर्टिफिकेटची मुदत संपली की तिचा धोका संपतो, पण तोवर, आणि रिव्होक केलं नसेल तर विशेषतः, जुने स्नॅपशॉट कुणाकुणाला उघडता येतात ते बघून घ्या.

शेवटी सुडो सर्टबॉट सर्टिफिकेट्स चालवा, यादीत दोनच नावं दिसायला हवीत. दोन्हींच्या मुदती वाचा. 30 दिवसांच्या आत असतील तर रिन्यूअल मधल्या काळात अडकलं होतं, आत्ताच हाताने रिन्यू करा. मग उद्या दुपारी, गर्दी कमी असताना, क्लायंटना सांगून सर्व्हर रीबूट करा आणि एनजिनएक्स आपल्या पायावर उठतंय का ते समोर बसून बघा.